यमुनाकाठचा नांगर

मँचेस्टर येथे १८७४ साली जन्मलेले, अमेरिकेत शिकून १९०३ साली धर्मकार्यार्थ अलाहाबादेस आलेले सॅम हिगिनबॉटम ख्रिस्ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असता, भोवतालच्या रयतेचे दारिद्र्य पाहून अशा निष्कर्षास आले की, जमीन सुधारल्यावाचून हे अध्यापन व्यर्थ होय. आणि पस्तिशीच्या सुमारास अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करून कृषिविद्या संपादन केली. ही विनम्रता मला त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाहून थोर वाटते. यमुनेपलीकडे नैनी येथे त्यांनी स्थापिलेल्या कृषिसंस्थेत धुपून गेलेली जमीन बांधबंदिस्ती, खत व सुधारलेला नांगर यांच्या योगाने पिकाऊ झाली. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारानेही शेतीखात्याच्या कामी त्यांचा सल्ला घेतला. नैनीच्या कुष्ठाश्रमाची देखरेखही त्यांनी वर्षानुवर्षे केली.