बालवयांतील गणित : फ्रोबेलपासून कोसबाडपर्यंत

घरीं पाहुणे आले म्हणजे चार वर्षांच्या मुलास पुढें उभें करून त्याजकडून एकापासून शंभरापर्यंत अंक म्हणवून घेण्याची हौस पुष्कळ सुशिक्षित घरांत असते. मूल न अडखळतां म्हणतें आणि आईबापांस धन्यता वाटते. परंतु त्याच मुलापुढें सात शेंगा ठेवून ‘किती आहेत?’ असें विचारलें, तर तें कित्येकदां एका शेंगेवर दोन अंक म्हणतें, एखादी शेंग वगळतें, किंवा सातांपर्यंत नीट मोजूनहि पुन्हां ‘मग किती?’ म्हटल्यावर प्रथमपासून मोजूं लागतें. अंकांचीं नांवें त्याच्या जिभेवर आलीं आहेत. संख्या मनांत आलेली नाहीं. हें अंतर बालकानें कोणत्या वाटेनें ओलांडावें, ह्याचाच शोध बालगणिताच्या इतिहासांत घेतलेला दिसतो.

पंतोजींच्या शाळेस हा प्रश्न फारसा पडत नसे. धूळपाटीवर अंक गिरवावयाचे, उजळणी म्हणावयाची, आणि दिवेलागणीस परवचा. पाढ्यांच्या पुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी चढण असे. ह्या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया ज्या बाजारांत चालत, तेथें पाऊणकी व दिडकी मुखोद्गत असलेल्या माणसास हिशेबासाठीं कागद शोधावा लागत नसे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तेव्हां ह्या कोष्टकांचें मोठें प्रयोजन संपलें. मात्र ती सारी विद्या थोड्या जाणत्या मुलांकरितां होती. तीन-चार वर्षांच्या बालकास कांहीं निराळें द्यावयास हवें, हा विचार तींत नव्हता.

तो विचार युरोपांत एकोणिसाव्या शतकांत रूपास आला. फ्रेडरिक फ्रोबेल हे १८०८ ते १८१० ह्या काळांत स्वित्झर्लंडांतील इव्हेर्दों येथें पेस्टालॉझी ह्यांच्या सहवासांत होते. शब्दाआधीं वस्तु, हें पेस्टालॉझींचें सूत्र त्यांनीं तेथें आत्मसात् केलें. पुढें बर्लिन येथें त्यांनीं स्फटिकांच्या संग्रहावर काम केलें, आणि निसर्गाच्या घडणींत भूमिति कशी भरलेली आहे, हें त्यांस दिसलें. १८३७ सालीं ब्लँकेनबुर्ग येथें त्यांनीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० मध्यें तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असें नांव दिलें. त्यांच्या खेळसाहित्यांतील तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन. मूल तो दुभंगतें तेव्हां निम्मे हातीं येतें. पुन्हां दुभंगतें तेव्हां पाव. पावकी-निमकीचें बीज येथें बोटांना प्रथम कळतें, जिभेला मागाहून. पण १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारानें ह्या शाळांवर बंदी घातली. ती १८६० मध्यें उठली. फ्रोबेल मात्र १८५२ सालींच निवर्तले होते.

पुढचें पाऊल मारिया माँटेसोरी ह्या इटालियन डॉक्टर बाईंचें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सॅन लोरेंझो ह्या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. सुटे मणी मोजतांना मुलास प्रत्येक मणी ‘एक’च भासतो, ‘पांच’ ही एक वस्तु म्हणून त्यास दिसत नाहीं. म्हणून बाईंनीं तांबड्या-निळ्या पट्ट्यांच्या दहा काठ्या केल्या. पहिली दहा सेंटिमीटरांची, शेवटची एक मीटरची. पांचाची काठी उचलली कीं पांचपणा एकदम हातांत येतो. दुसऱ्या साहित्यांत ० ते ९ असे खण असत, आणि शून्याचा खण रिकामाच ठेवावयाचा असे. शून्यासाठीं त्यांचा खेळहि होता. ‘माझ्याकडे शून्य वेळां ये’, असें त्या म्हणत. मूल धांवत येई आणि परत जाई. ‘तूं तर एकदां आलास!’ असें ऐकतांच तें गोंधळे; आणि जागचें न हलणें हेंच उत्तर आहे, हें उमजल्यावर खुदकन् हंसे.

भारतांत ही पद्धति रुजविण्याचा मोठा यत्न भावनगर येथें झाला. गिजुभाई बधेका ह्यांनीं वकिली सोडली आणि १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला. परंतु एक कांटा सलत राहिला. गरीब वस्तींत जन्मलेली ही पद्धति आतां शहरी, सुस्थित घरांपुरती होऊं पाहत होती. मापांत काटेकोर असें साहित्य महाग पडे. खेड्यांतील मुलास तें कोठून मिळावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं ताराबाई १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. महाग साहित्याच्या जागीं शिंपले, खडे, बिया, काड्या आणि पानें आलीं. चिंचोक्यांच्या राशी लावून कमी-अधिक कळतें, पानें लहान-मोठीं मांडून क्रम कळतो, आणि वेगळा खर्च कांहींच नाहीं. १९५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तेथें कुरणशाळाहि निघाल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनीं सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोंचला.

पुढील संशोधनानें ह्या शिक्षिकांच्या अनुभवास पुष्टीच दिली. गेलमन व गॅलिस्टेल ह्यांनीं १९७८ सालच्या ग्रंथांत मोजणीचीं तत्त्वें मांडलीं. त्यांपैकीं तीन मुख्य अशीं : एका वस्तूस एकच अंक; अंकांचा क्रम ठराविक; आणि शेवटीं उच्चारलेला अंक हीच सगळ्यांची संख्या. आरंभींच्या सात शेंगांपाशीं मूल अडतें तें येथेंच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि तीन ते आठ ही वर्षें शिक्षणाचा पाया मानलीं आहेत.

तेव्हां घरीं ह्यासाठीं निराळी खरेदी करण्याचें कारण नाहीं. जेवणाच्या वेळीं माणसांइतकीं ताटें मांडणें, मोजे जोडीनें लावणें, चार लाडू दोघांत सारखे वांटणें, हीं कामें मुलाच्या हातीं द्यावींत. तें चुकल्यास लगेच सुधारूं नये. एक ताट उणें पडलें कीं चूक त्याची त्यासच दिसते. शंभरापर्यंत म्हणणें त्यानें अवश्य शिकावें, पण घाई नको. पांच म्हणजे किती, हें ज्यास कळलें, त्यास शंभराची वाट दूर नाहीं.