मोरपिसांचा टोप



फाल्गुन लागला, कीं आमच्या धडगांवांत भोंगऱ्या बाजार भरतो आणि सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून ढोलाचा नाद उठूं लागतो. होळीच्या रात्रीं शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथें व इतर गांवींही अंगास राख फांसलेले, कमरेस भोपळे व घुंगरूं बांधलेले आणि मस्तकीं मोरपिसांचा उंच टोप धारण केलेले 'बुध्ये' पहांटेपर्यंत नाचतात. आमच्या धर्मग्रामांतील कांहीं तरुण आम्हांस पुसतात, "फादर, आम्हीं हा टोप घालावा कीं नाहीं?" जुबिलीच्या मंगल प्रसंगीं ह्याच प्रश्नाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिसें मस्तकीं चढविण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. आपल्याकडे दरबारीं पागोट्यावर कलगी-तुरा मिळणें हा बहुमान गणला जाई, आणि अजूनही कोणी यशस्वी झाला, कीं त्याच्या शिरपेंचांत मानाचा तुरा खोंवला गेला, असें आपण म्हणतों. इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्यास 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतात, तो १३७६ सालीं वारला. त्याच्या कँटरबरी येथील कबरीवर शहामृगाच्या पिसांच्या ढाली कोरलेल्या आहेत, आणि तींच तीन पिसें पुढें तेथील युवराजांचें चिन्ह झालीं. येथें पीस म्हणजे मान होय. उलट, पहांटे दारोदार दान मागणारा आपला वासुदेवही मोरपिसांची टोपी घालतो. त्याच्या मस्तकीं पीस ऐश्वर्य दाखवीत नाहीं, भक्ति दाखवितें.

आतां ख्रिस्ती कलेकडे वळूं. मोराचें मांस कुजत नाहीं, अशी प्राचीन समजूत होती. संत आगुस्तीन ह्यांनीं कार्थेज नगरांत शिजवलेल्या मोराच्या मांसाचा एक तुकडा राखून तें पाहिल्याचें 'देवनगरी' ह्या ग्रंथांत लिहिलें आहे. शिवाय मोराचीं पिसें दरवर्षीं गळतात व पुन्हां येतात. म्हणून रोमच्या भूमिगत दफनस्थानांत आणि राव्हेन्ना येथील दगडी शवपेटिकांवर मोर हा अमर जीवनाचें चिन्ह म्हणून दिसतो. पुढें पोप महाराजांच्या मिरवणुकींत शहामृगाच्या पिसांचे व टोंकांस मोरपिसांचे डोळे लाविलेले मोठे पंखे नेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती प्रथा बंद पडली.

तर मग बुध्याचा टोप कोणत्या जातीचा? कित्येकांस तो केवळ शोभेचा वाटतो. प्रथम आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु तो घालणारा पुरुष बहुधा नवस फेडीत असतो. होळीपूर्वीं कित्येक दिवस तो 'पालनी' पाळतो; ब्रह्मचर्यानें राहतो, खाटेवर बसत वा निजत नाहीं, अनवाणी चालतो. हेच दिवस बहुधा आपल्याही उपवासकाळाचे असतात. ज्यास आपण मागासलेला म्हणून हंसतों, तो आपल्याहून कडक व्रत पाळीत असेल, तर लाज कोणास वाटावी?

आमचें उत्तर असें आहे. नवस हा ज्याला केला त्याचाच असतो. म्हणून ज्या दैवतावर आपला विश्वास नाहीं, त्याचा नवस बोलून टोप घालूं नये. तसें करणें म्हणजे शेजाऱ्याच्या श्रद्धेचीही थट्टा होय. परंतु ढोल, नृत्य व पीस ह्यांत स्वतः पाप नाहीं. लोकांच्या चालीरीतींत जें भ्रमाशीं अविभाज्यपणें जडलेलें नाहीं, त्याचा आदर करावा, असें १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींच्या आपल्या घटनेंत सांगितलें. मोर हा भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरला तोही त्याच वर्षीं. त्याला मारणें १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां रानांत आपोआप गळलेलें पीसच घ्यावें.

पुनरुत्थानाच्या सणास आमच्या तरुणांनीं तें पीस मस्तकीं खोंवून वेदीपुढें ढोल वाजविला, तर आम्हीं त्यांस अडविणार नाहीं. मात्र त्यापूर्वीं चाळीस दिवसांचा उपवास त्यांनीं बुध्याच्याच निष्ठेनें पाळावा, इतकीच आमची अट आहे.