कोंडाणे

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे लहान गाव. उल्हास नदीच्या खोऱ्यात, कर्जत शहराच्या आग्नेयेस, राजमाची किल्ल्याखालच्या रानाच्या कडेला ते वसले आहे. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या बौद्ध लेण्यांमुळे अभ्यासकांना आणि राजमाचीच्या वाटेवरचे गाव म्हणून भटक्यांना ते परिचित आहे. पुण्याजवळच्या सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. त्याच्याशी या गावाचा संबंध नाही.

भूरचना व हवामान : बोरघाटाच्या उत्तरेस सह्याद्रीची भिंत येथे एकदम उभी राहते. वर मावळ, खाली कोकण. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी या दरीतून कर्जतकडे जाते. समुद्रापासून आत असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. त्याच तालुक्यातील माथेरानला मात्र वर्षाला सुमारे ५,००० मिमी. पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात कोंडाण्याजवळ उल्हासचे पात्र खडक आणि डबक्यांपुरते उरते. काही किलोमीटरांवरची पेज नदी मात्र त्याच दिवसांत वाहती असते. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करून पेजेत सोडले जाते. १९२२ पासून चालू असलेल्या या केंद्रामुळे राजनाल्याच्या कालव्याखाली उन्हाळी भात पिकते आणि ऐन मे महिन्यातही पेजेच्या काठी पोहणाऱ्यांची गर्दी दिसते. कोंडाण्यापाशी उल्हासवर धरण बांधण्याची योजना गाजली ती २०१२ च्या सुमारास उघडकीस आलेल्या सिंचन गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे. पुढे हा प्रकल्प सिडको या शासकीय महामंडळाकडे सोपवण्यात आला.

लेणी : गावातून रानवाटेने चढून गेल्यावर चैत्यगृह आणि विहारांचा हा समूह दिसतो. चैत्यगृह सुमारे २० मी. लांब व ८ मी. रुंद असून त्याच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवली आहे. सज्जे, जाळ्या, कठडे आणि कमानीच्या फासळ्या पाहताना सुताराच्या हाताची सवय असलेल्या माणसांनी डोंगर फोडला असावा, असे वाटते. डाव्या बाजूला एका भग्न यक्षमूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच तिचा आशय. पश्चिम भारतातील प्राचीन लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे भरपूर आढळतात, कारागिराचे नाव क्वचित. त्यामुळे या ओळीला वेगळे महत्त्व आहे. शेजारच्या विहाराच्या छतावरही लाकडी तुळयांची नक्कल असून दालनाच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या आहेत. सोपारा-कल्याणकडून बोरघाटाने कार्ले-भाजे परिसरात जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आसपासची ही लेणी आहेत. आधुनिक काळात ती प्रथम पंडित विष्णुशास्त्री यांनी नजरेस आणली, असे पुरातत्त्वज्ञ बर्जेस यांनी नोंदवले आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

उन्हाळा व जत्रा : थंड देशांत उन्हाळा आला की लोक घराबाहेर पडतात, येथे उन्हाळा दुपारी घरात बसवतो आणि रात्री बाहेर काढतो. गावोगावच्या उत्सवांचा काळही शिमग्यापासून वैशाखापर्यंतचा, म्हणजे भात झोडून झाल्यावर आणि पेरणीचे काम सुरू होण्याआधीचा आहे. होळी, पालखी, गावदेवीची जत्रा, हनुमान जयंती आणि लग्नसराई एकामागून एक येतात. चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरा आईची यात्रा भरते. रायगड-ठाण्याकडील आगरी-कोळी भाविकांच्या पायी पालख्या त्या दिवसांत बँडबाजाच्या तालावर खोपोलीमार्गे घाट चढताना दिसतात. खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक हा अष्टविनायकांपैकी एक असल्याने तेथे बारमाही वर्दळ असते. खोपोलीजवळच्या साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा मात्र कार्तिकातली. विठ्ठलाच्या दर्शनाबरोबर सुके बोंबील, सुकट आणि जवळा यांची वर्षाची खरेदी करायला लोक तेथे येतात.

एप्रिल-मे महिन्यांत ठाकर आणि कातकरी बायका रानातून करवंदे, जांभळे, आळू आणि रायवळ आंबे काढून कर्जतच्या बाजारात व रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. करवंदे पानांच्या द्रोणात मिळतात. सकाळी लवकर गेले तरच ताजा माल मिळतो, उन्हे चढली की फळ मऊ पडते.

काजवे : उन्हाळ्याचा शेवट या परिसरात काजव्यांनी होतो. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत राजमाचीच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी जमतात. प्रकाशाची उघडझाप हा नर-मादीच्या मीलनाचा इशारा असतो. प्रौढ काजवा फार दिवस जगत नाही आणि पावसाने जोर धरला की हा खेळ संपतो. पुणे जिल्ह्यातील उधेवाडी हे राजमाचीवरचे गाव या दिवसांत पर्यटकांनी भरते. घराघरांत पिठलं-भाकरीची सोय होते आणि पडवीत झोपायला जागा मिळते. गर्दीबरोबर विजेऱ्या, मोबाइलचे दिवे आणि गाड्यांचे झोत येतात. अशा उजेडात काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे हरवतात, म्हणून दिवा बंद ठेवून लांबून पाहण्याची शिस्त येथे आवश्यक आहे. बरणीत भरून नेलेला काजवा मरतो, एवढे सांगितले तरी मुले ऐकतात. मोठ्यांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पदभ्रमण : राजमाचीला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारी वाट लांब पण सपाटीची, तर कोंडाण्याकडून जाणारी वाट लेण्यांवरून खड्या चढाची आहे. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांमध्ये भैरवनाथाचे देऊळ आणि गावाजवळ तळ्याकाठी जुने शिवमंदिर आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर हा किल्ला स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. कर्जत तालुक्यातील कोथळीगड (पेठचा किल्ला), भिवगड, सोंडाई व पेब आणि खालापूरमधील इर्शाळगड हे या भागातील इतर दुर्ग आहेत. खोपोलीतील यशवंती हायकर्स ही संस्था गिर्यारोहण आणि बचावकार्य यांसाठी ओळखली जाते.

पावसाळ्यात चैत्यगृहाच्या माथ्यावरून कोसळणारा धबधबा पाहायला शनिवार-रविवारी मोठी गर्दी होते. त्याच दिवसांत ओढे अचानक फुगतात आणि शेवाळलेल्या दगडांवरून पाय सरकतो. दरडींचाही धोका असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. अशा धोक्यांमुळे दरवर्षी प्रशासन अनेक धबधबे आणि धरणांच्या परिसरात पर्यटकांना बंदी घालते.

परिसरातील इतर स्थळे : माथेरान हे थंड हवेचे ठिकाण ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये पुढे आणले. नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. मोटारींना गावात प्रवेश नसल्याने तेथील सुट्टी अजूनही बहुतांशी पायी आणि घोड्यावर घालवली जाते. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान शाळांच्या सुट्टीत गजबजते. कर्जतच्या आसपास शेतघरे आणि तंबूनिवासांची संख्या वाढली असून, पूर्वी भातशेती असलेल्या जमिनीवर पोहण्याचे तलाव दिसू लागले आहेत. यातून काही गावकऱ्यांना रोजगार मिळतो, तर उन्हाळ्यातल्या पाण्यावरचा ताणही वाढतो.

जाण्याची सोय : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कर्जत लोकलने सुमारे १०० किमी. अंतरावर आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी येथे मागून जादा इंजिने लावतात. तेवढ्या थांब्यात फलाटावर वडापाव घेण्याची प्रवाशांची जुनी रीत आहे. शहरातून कोंदिवडे मार्गे रिक्षाने कोंडाण्यापर्यंत जाता येते, पुढे लेण्यांपर्यंत पायीच चढावे लागते. लेणी नीट पाहण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, तर काजव्यांसाठी मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ योग्य. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, भिंतींवर नावे कोरू नयेत आणि पावसाळ्यात स्थानिक बंदी आदेशाची चौकशी कर्जतमध्ये करूनच निघावे.