धावत्या गाडीचे वजन किती? डी नदीवरील पुलाची कथा

१/ उभ्या गाडीचा भार पेलणारा पूल धावत्या गाडीचाही भार पेलेल काय? आज हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात भेटतो. १८४७ साली त्याचे खात्रीचे उत्तर कोणापाशीच नव्हते. गाड्या मात्र रोज धावत होत्या. #थ्रेड

२/ स्थळ : इंग्लंडमधील चेस्टर. येथे डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी तीन गाळ्यांचा रेल्वेपूल उभारला. (बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग बांधणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचे सल्लागार अभियंताही हेच.) प्रत्येक गाळा ९८ फुटांचा. तुळया बिडाच्या, त्यांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार.

३/ बीड दाब उत्तम सोसते. ताण पडला की मात्र पूर्वसूचना न देता तडकते. आणि तुळई भाराने वाकते तेव्हा तिच्या खालच्या अंगावर ताणच पडतो.

४/ २४ मे १८४७. इंजिनातील निखाऱ्यांनी पुलाचे लाकूड पेटू नये म्हणून त्या दिवशी मार्गावर खडी पसरण्यात आली. पुलावरचे वजन वाढले. संध्याकाळची प्रवासी गाडी शेवटच्या गाळ्यावर असताना तुळई तुटली. चालकाने वेग वाढवून इंजिन पैलतीरी नेले. मागचे डबे नदीत कोसळले. पाच जण मृत्युमुखी पडले.

५/ स्टीफन्सन यांचे म्हणणे असे, की गाडी आधी घसरली आणि तिच्या धडकेने तुळई तुटली. तपास करणारे कॅप्टन सिमन्स यांचा निष्कर्ष वेगळा होता : गाड्यांखाली पुनःपुन्हा वाकून तुळई दुर्बल झाली होती. अखेर लोखंडी रेल्वेपुलांच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

६/ आयोगापुढे अभियंत्यांचेच दोन तट पडले. काही म्हणत, वेगाने भाराचा परिणाम वाढतो. काहींच्या मते वेगवान गाडी पुलाला वाकायला अवधीच देत नाही! वाद प्रयोगानेच मिटणार होता.

७/ पोर्ट्समथ येथे उतारावरून वजनदार गाडा ९ फुटी बिडाच्या पट्ट्यांवर सोडण्यात आला. ११२० पौंडांचा गाडा उभा असताना पट्ट्या ०.६ इंच वाकल्या. ताशी १० मैल वेगाला वाक ०.८ इंच, ३० मैलांना १.५ इंच. म्हणजे दुपटीहून अधिक!

८/ मग सगळेच पूल धोकादायक? आयोगाने ४८ फुटी ईवेल पुलावर खरे इंजिन धावडवले. उभ्या इंजिनाखाली वाक ०.२१५ इंच होता; ताशी सुमारे ५० मैल वेगाला तो ०.२४५ इंच झाला. वाढ जेमतेम एक-सप्तमांश. प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष पूल यांच्यात एवढे अंतर का?

९/ कोडे केंब्रिजच्या रॉबर्ट विलिस यांनी समीकरणात मांडले आणि १८४९ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी ते सोडवले. त्यासाठी त्यांनी पुलाचे स्वतःचे वजन हिशेबातून वगळले. उत्तर दडले होते तीन गोष्टींत : गाडीचा वेग, पुलाची लांबी आणि स्थिर भाराखालचा वाक. लवचीक, आखूड पट्टीवर वेगाचा परिणाम प्रचंड. लांब, ताठ पुलावर अल्प.

१०/ पण समीकरणाला ओतीव बिडात दडलेली पोकळी दिसत नाही. म्हणून आयोगाची शिफारस अशी, की ज्या भाराने तुळई तुटेल, त्याच्या एक-षष्ठांशाहून अधिक भार तिच्यावर कधीही येऊ नये. गणिताला जे कळते ते गणितात, जे कळत नाही ते या राखीव ताकदीत.

११/ तरीही बिडाचे अनेक पूल तसेच राहिले. १८९१ साली लंडनच्या नॉरवुड जंक्शनला असाच एक पूल गाडीखाली तुटला, कारण ओतकामातली लपलेली पोकळी. त्यानंतर कुठे हे पूल मोठ्या प्रमाणावर बदलले जाऊ लागले. १८४९ चा अहवाल तोवर ४२ वर्षांचा झाला होता.