दोन पावलांचा नट

गणपतीच्या मिरवणुकीत बँडवाल्यांनी ‘भोली सूरत’ची धून धरली की पुढचे चारदोन जण न सांगता गुडघे किंचित वाकवतात, कोपरात दुमडलेले हात छातीसमोर आणतात आणि जागच्या जागी डुलायला लागतात. त्यांतल्या बहुतेकांनी ‘अलबेला’ पाहिलेला नसतो. नाच मात्र त्यांना येतो, आणि तो कुणाचा हेही ठाऊक असतं. भगवानदादांचा.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1913 चा. वडील कापड गिरणीत कामगार, त्यामुळे लहानपण मुंबईच्या गिरणगावातलं. शिक्षण बेताचं, व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद दांडगा. ‘दादा’ हे नाव त्यांना चिकटलं ते या पहिलवानी अंगामुळेच. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत ते पडद्यावर आले आणि 1938 मध्ये ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शक झाले. पुढची दहा-बारा वर्षं मारधाडीच्या, कमी खर्चाच्या चित्रपटांत गेली. उड्या, घोडे, तलवारी आणि शेवटी खलनायकाची धुलाई, असा सगळा मामला. हे चित्रपट कामगारवस्तीतल्या थिएटरांत चालत, शिकलेला प्रेक्षक तिकडे फिरकत नसे. त्यांतले बहुतेक आज पाहायलाही मिळत नाहीत.

त्या काळातली एक घटना मात्र मागे राहिली. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. थप्पड खरीच बसली, आणि फार जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, उपचारांत काही वर्षं गेली आणि नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांत जे नाव कमावलं ते त्यांच्या स्वतःच्या जिद्दीचं. भगवानदादांवरच्या गौरवलेखांत हा प्रसंग अनेकदा एका ओळीत उरकला जातो, ते बरोबर नाही. लुटुपुटीचा मार खरा कसा भासवायचा, हे अभिनयातलं पहिलं कसब. ते चुकलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

नट म्हणून त्यांच्या मर्यादा उघड होत्या. चेहरा गोल, डोळे हसरे, अंग स्थूल. दुःखाच्या प्रसंगात हा चेहरा फार काही बोलत नसे, आणि संवादांत चढउतार कमीच. दिलीपकुमार आणि राज कपूर यांच्या काळात अशा माणसाने नायक होण्याची कल्पनाच धाडसाची होती. ‘भेदी बंगला’ (1949) हा त्यांचा भयपट पाहून राज कपूर यांनीच त्यांना सामाजिक चित्रपट काढायला सुचवलं, असं सांगतात. त्यातून 1951 मध्ये ‘अलबेला’ आला.

गोष्ट साधी होती. गरीब घरातला प्यारेलाल, बहिणीच्या लग्नासाठी पैसे नाहीत, नाटकात काम करायचं वेड आणि घरच्यांची बोलणी. हे घर भगवानदादांनी आतून पाहिलेलं होतं, म्हणून प्यारेलालमध्ये खोटं काही दिसत नाही.

संगीत होतं सी. रामचंद्र यांचं. दोघांची दोस्ती पडत्या दिवसांतली. भगवानदादांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वनमोहिनी’ (1941) या तमिळ चित्रपटाला रामचंद्रांनी संगीत दिलं होतं, आणि 1942 च्या ‘सुखी जीवन’मध्ये त्यांना हिंदीत संधी दिली तीही भगवानदादांनीच. ‘अलबेला’त रामचंद्रांनी ते ऋण सव्याज फेडलं. नायकाचा आवाज त्यांनी स्वतः, चितळकर या नावाने दिला. तो आवाजही तयारीच्या गवयाचा नव्हता. मोकळा आणि थोडा खट्याळ, तो त्या गोल चेहऱ्यावर चपखल बसला. सोबत लताबाईंचा आवाज आणि राजेंद्र कृष्ण यांचे सोपे शब्द. वाद्यमेळात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, होते. मुंबईच्या हॉटेलांतलं जॅझ अशा गोवेकर वादकांच्या हातून हिंदी गाण्यात उतरलं आणि तिथून थेट आपल्या वरातींत पोहोचलं. चिक चॉकलेट यांचा बँड या चित्रपटात पडद्यावरही दिसतो.

आता तो नाच. ‘शोला जो भडके’ किंवा ‘भोली सूरत’ आवाज बंद करून एकदा पाहावं. पाय जमिनीवरून जेमतेम उचलले जातात. एक पाऊल इकडे, एक तिकडे. खांदे हलतात, कंबर अर्धी वळते, हात कोपरापासून फिरतात आणि नजर प्रेक्षकाकडे असते. गिरकी नाही, उडी नाही. उड्या मारण्यात बारा वर्षं घालवलेल्या माणसाने नाचताना उडी टाळली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ताल मात्र पक्का, एकही ठोका निसटत नाही. कारखान्यातून घरी आलेला, पोट सुटलेला माणूस आनंदात जेवढा नाचू शकेल तेवढाच हा नाच आहे, आणि म्हणून तो त्याचा झाला.

गीता बालींचं श्रेय इथे मोठं. त्याच वर्षी ‘बाझी’त त्या देव आनंदसमोर तेवढ्याच सहजतेने वावरल्या होत्या. त्यांच्यासारख्या कसलेल्या अभिनेत्रीने भगवानदादांना झाकोळून टाकणं सोपं होतं. त्या त्यांच्याच लयीत शिरल्या, त्यांच्याइतक्याच छोट्या हालचाली करत राहिल्या, आणि दोघं खरोखर मजेत असल्याचं दिसतं.

‘अलबेला’ तुफान चालला. बंगला आला, मोटारी आल्या. मग तीच नायिका आणि तेच संगीतकार घेऊन ‘झमेला’ (1953) काढला, पण जादू पुन्हा जमली नाही. पुढच्या निर्मितीत पैसा बुडत गेला. बंगला, मोटारी, चेंबूरचा जागृती स्टुडिओ, सगळं हातचं गेलं आणि भगवानदादा दादरच्या चाळीतल्या घरात परतले. त्यानंतर कित्येक वर्षं ते चित्रपटांत मिनिटा-दोन मिनिटांसाठी येत, तीच दोन पावलं टाकत आणि जात. निर्मात्यांना तेवढंच हवं असे, हे वाईटच झालं. दिग्दर्शक म्हणून या माणसाकडे आणखी काही असेल, हे कुणाला वाटलं नाही.

नाचाचा वारसा मात्र थेट वरपर्यंत गेला. अमिताभ बच्चन यांच्या ठेक्यात भगवानदादा स्पष्ट दिसतात. उंच, लांब हातापायांच्या, नृत्य न शिकलेल्या नटालाही ही पद्धत सोयीची ठरली. 4 फेब्रुवारी 2002 रोजी भगवानदादा गेले. 2016 मध्ये शेखर सरतांडेल यांनी त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट केला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

तरुण वाचकांनी तो जरूर पाहावा, पण त्याआधी मूळ ‘अलबेला’ पाहावा, आणि तोही गाण्यांचे तुकडे न पाहता सुरुवातीपासून शेवटपर्यंत.