कानाचा रियाज कालबाह्य झालेला नाही

ध्वनिमुद्रणात नव्याने येणाऱ्यांना हल्ली सर्रास सांगितलं जातं की, पडद्यावर स्पेक्ट्रम ॲनालायझर असताना फ्रिक्वेन्सी कानाने ओळखायला शिकण्यात वेळ घालवू नका. या मताची बाजू लंगडी नाही. ॲनालायझरचा आलेख थकत नाही, आणि छोट्या स्पीकरवर ऐकूच न येणारी ४० हर्ट्झची घरघरही तो दाखवतो. हे सगळं मान्य करूनही हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो.

आलेख ऊर्जा मोजतो. ती आपल्याला किती जाणवते, हे तो सांगत नाही. सारख्याच दाबाचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे स्वर आपल्याला सारखे मोठे वाटत नाहीत, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्या अनुनादामुळे ३००० हर्ट्झच्या आसपास आपला कान फार हळवा असतो. तिथला आलेखात बुटका दिसणारा उंचवटा गाणं कर्कश करू शकतो, आणि १०० हर्ट्झवरचा डोंगर बिनत्रासाचा असू शकतो.

याहून मोठी अडचण निवडीची आहे. अभंगाचं मिक्सिंग घ्या. गळा, पेटी, पखवाज, टाळ सगळं वाजतंय आणि शब्द कळत नाहीत. आलेखात ५०० हर्ट्झजवळ फुगवटा आहे. तो पेटीचा की गळ्याचा? ट्रॅक सुटे करून पाहिले तरी दोघांचीही ऊर्जा तिथे दिसणारच, कारण तो दोघांच्याही हक्काचा प्रदेश आहे. गळ्यातून ती काढली तर गायक पोकळ वाटू लागतो. पेटीतून तीन डेसिबल काढली तर शब्द मोकळे होऊ शकतात. कुठून काढायची, हे ऐकूनच ठरतं.

यावर उत्तर येतं की, असा कान जन्मजातच असावा लागतो. तेही खरं नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. कोणते वरचे स्वरांश खुलले, हे त्याला मीटरशिवाय कळतं. ते त्याने कारखान्यात बसून कमावलेलं असतं. वॉर्सॉच्या संगीत अकादमीत तर ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्यांना नाद ओळखण्याचा हा अभ्यास रीतसर शिकवला गेला आहे.

आणि सुरुवात अवघड नाही, कारण निम्मं काम मातृभाषेने करून ठेवलं आहे. पिंक नॉइज लावून इक्वलायझरने एकेक पट्टा १२ डेसिबलने उचला. २५० हर्ट्झला त्या खळखळाटात ‘ऊ’ची छटा येते, ५०० ला ‘ओ’, १००० ला ‘आ’, २००० ला ‘ए’, ४००० ला ‘ई’. स्वर म्हणजे तोंडाच्या पोकळीतले अनुनादच, म्हणून लहानपणापासून ऐकलेल्या या खुणा लवकर पक्क्या होतात. मग उठाव ६ आणि ३ डेसिबलवर आणा, नॉइजऐवजी गाणी घ्या. कपात ओळखणं उठावापेक्षा कठीण, ते नंतर.

आलेख बंद करा असं माझं म्हणणं नाही. फक्त पुढच्या मिक्सला तो आधी झाकून ठेवा. कुठे खटकतंय ते ऐका, आकडा कागदावर लिहा, आणि मगच पडदा उघडून पडताळा.