शंकरपाळीतील नजरचूक

इंग्लंडातील जुन्या चिनी मातीच्या बशीचे वय ठरवावयाचे तर तिच्या मुखावरील फुलांना न भुलता तिची पाठ वाचावी, हा या छंदातील पहिला धडा. अठराव्या शतकात वुस्टरच्या कारागिरांनी चिनी अक्षरांची आणि माइसेनच्या तलवारींची नक्कल केली. 1891 पासून अमेरिकेच्या जकातीच्या कायद्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द मालावर उमटू लागला. 1892 पासून वुस्टरच्या मुद्रेभोवती दरसाल एकेक ठिपका वाढला. हे सारे सर्वश्रुत आहे. मला सांगावयाचे आहे ते शंकरपाळीच्या आकाराच्या त्या मुद्रेविषयी, जी 1842 च्या कायद्यान्वये नक्षीची नोंद झालेल्या मालावर 1883 पर्यंत उमटत होती.

माथ्यावरील वर्तुळात मालाचा वर्ग, मातीच्या भांड्यांसाठी रोमन चार. आणि चार कोपऱ्यांत वर्षाचे अक्षर, महिन्याचे अक्षर, तारीख व त्या दिवशीच्या पुडक्याचा क्रमांक. या नोंदीने नक्षीला तीन वर्षांची मुदत मुकर्रर होत असे. परंतु वर्षांची अक्षरे क्रमाने नाहीत: 1842 ला एक्स, मग एच, सी, ए. प्रतिस्पर्ध्याला मुदत कळू नये म्हणून हा विस्कळीतपणा, असे काही संग्राहक मानतात. मला हे पटत नाही. कारण सव्वीस अक्षरे 1867 मध्ये संपताच 1868 पासून नोंदणी दप्तराने कोपऱ्यांची अदलाबदल तेवढी केली आणि अक्षरे पुन्हा त्याच क्रमाने, एक्स, एच, सी, ए अशीच, चालू ठेवली. ज्याला गुपित राखावयाचे आहे तो सव्वीस वर्षे बाजारात फिरलेली किल्ली पुन्हा त्याच कुलपाला कशी लावील? एकदा चिठ्ठ्या टाकून ठरलेला क्रम दप्तराच्या सवयीने टिकला, असेच मी समजतो.

या सवयीचे जे प्रमाण मला अवचित सापडले, त्यासाठीच हा लेखनप्रपंच. मार्गदर्शक ग्रंथांतील कोष्टकांच्या तळाशी तीन अपवाद कारणावाचून दिलेले असतात: 1857 च्या सप्टेंबरात 1 ते 19 तारखांपर्यंत महिन्याचे अक्षर आर, 1860 च्या डिसेंबरात के, आणि 1878 च्या मार्चमध्ये 1 ते 6 तारखांना महिन्याच्या जागी जी व वर्षाच्या जागी डब्ल्यू. मी ही अक्षरे महिन्यांच्या कोष्टकाशेजारी ठेवली आणि क्षणभर स्तब्ध झालो. आर हे ऑगस्टचे अक्षर, के हे नोव्हेंबरचे, जी हे फेब्रुवारीचे! तिन्ही वेळा मागील महिन्याचेच अक्षर पुढे चालत राहिले आहे. मार्च 1878 चे प्रकरण तर अधिकच बोलके, कारण मार्चचे अक्षर डब्ल्यू हेच; म्हणजे नवे अक्षर बदलणाऱ्या हाताने ते घेतले खरे, परंतु महिन्याच्या कोपऱ्यात न बसवता वर्षाच्या कोपऱ्यात, 1878 च्या डी या अक्षराच्या जागी, बसविले आणि जी जागच्या जागी राहिले.

हे अपवाद हेतुपुरस्सर केलेले फेरबदल होते, असे म्हणणाऱ्याने तिन्ही ठिकाणी गेल्या महिन्याचेच अक्षर का यावे, याचे उत्तर द्यावे. शिवाय 1857 ची 19 सप्टेंबर ही तारीख शनिवारी पडते. आठवडा संपला, सोमवारी कोणी तरी बारनिशी नीट पाहिली आणि चूक दुरुस्त झाली, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतके स्वच्छ उभे राहते की त्यात मला संशय उरत नाही. राजमुद्रेच्या बरोबरीने एका अनामिक कारकुनाची नजरचूक भट्टीत भाजून अक्षय झाली, याचे मला अतिशय कौतुक वाटते.

संग्राहकाला मात्र याचा जाच होतो. वर्ष के (म्हणजे 1857), महिना आर, तारीख 7 अशी बशी हाती आली तर ती नोंद 7 ऑगस्टची की 7 सप्टेंबरची, हे मुद्रा सांगत नाही; क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील मूळ नोंदवह्यांत पुडक्याचा क्रमांक पडताळावा लागतो. आणि तरीही हाती येते ती नक्षीच्या नोंदीची तारीख. बशी त्यानंतर केव्हाही घडलेली असू शकते, कारण खपणारी नक्षी कारखानदार मुदतीनंतरही त्याच मुद्रेनिशी काढीत राहत.